छायातुरग : मुलांच्या खेळातील छायाचित्र आणि वास्तवाचा प्रश्न

१

कलेला 'लीला' किंवा 'क्रीडा' म्हणण्याची सवय मराठी समीक्षेला आहे. परंतु नियम, डाव, हार-जीत असलेला खेळ ही स्वतंत्र संहिता मानून तिचे वाचन करण्याची सवय तिला नाही. खेळ हा शब्द आपण रूपक म्हणून वापरतो आणि प्रत्यक्ष खेळ शिक्षणशास्त्राच्या किंवा लोकसाहित्याच्या अभ्यासकांकडे सोपवून मोकळे होतो. मुलांच्या हातात मावणारा व्हिडिओ गेम तर या दोघांच्याही कक्षेबाहेर राहिला. पालकांची तक्रार हाच त्याविषयीचा एकमेव वाङ्मयप्रकार ठरावा, अशी आजची स्थिती आहे.

प्रस्तुत लेखात या खेळांपैकी एका मर्यादित गटाचा विचार केला आहे. ज्या बालखेळांच्या रचनेत प्रत्यक्ष जगाचे छायाचित्र वापरले जाते, असा हा गट आहे. विचारायचा प्रश्न साधा आहे : छायाचित्र आल्याने खेळ अधिक वास्तव होतो काय? वरवर पाहता हा तंत्राचा प्रश्न वाटेल. परंतु आपल्या समीक्षेतील 'वास्तव' ही संकल्पना बऱ्याच अंशी तपशिलाच्या खरेपणावर उभी आहे. छायाचित्र म्हणजे तपशिलाच्या खरेपणाची पराकोटी. तेव्हा खेळात छायाचित्राचे काय होते, हे पाहणे म्हणजे आपल्या एका जुन्या गृहीतकाची कसोटी पाहणे होय.

या विचाराला निमित्त झाले ते वर्गातील एका स्वाध्यायाचे. बालसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना मी एक काम दिले होते : ठाणे, कल्याण, डोंबिवली या परिसरातील नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी हातातल्या पडद्यावर खेळता येईल असा खेळ रचावा आणि त्यातील स्थळे परिसराच्या छायाचित्रांतून घ्यावीत. काम देताना माझी अपेक्षा अशी होती, की परदेशी खेळांतील अनोळखी किल्ले आणि जंगले जाऊन तेथे मासुंदा तलाव, दुर्गाडी आणि फडके रोड आले की खेळ आपोआप 'आपला' होईल. ही अपेक्षा चुकीची होती. ती का चुकली, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

२

प्रश्नाची मांडणी करण्यासाठी आपल्याच काव्यशास्त्रातील एक दृष्टांत उपयोगी पडतो. रंगमंचावरील नटाला पाहून 'हा राम' असे प्रेक्षकाला जे वाटते, त्याचे स्वरूप काय, हा प्रश्न शंकुकाने उपस्थित केला. त्याचे मत आपल्याला अभिनवगुप्ताच्या 'अभिनवभारती'तून कळते. शंकुकाच्या मते ही प्रतीती यथार्थ ज्ञानाची नव्हे, मिथ्या ज्ञानाची नव्हे, संशयाची नव्हे आणि सादृश्याचीही नव्हे. चित्रातील घोड्याला आपण 'हा घोडा' म्हणतो, तशी ती वेगळीच प्रतीती आहे. हाच चित्रतुरगन्याय. पुढे भट्टतौत आणि अभिनवगुप्त यांनी शंकुकाच्या अनुकरणवादाचे खंडन केले. तरीही त्याने दाखवलेली ही पाचवी प्रतीती खेळाच्या विचारात टाळता येत नाही.

भातुकलीतली मुलगी वाळूचा भात वाढते तेव्हा तो भात आहे असे ती मानत नाही, तो भात नाही असेही मानत नाही. मराठी मुलांनी या प्रतीतीसाठी फार नेमका शब्द घडवला आहे : 'खोटंखोटं'. एकदा उच्चारलेले 'खोटं' हा आरोप असतो. दोनदा उच्चारलेले 'खोटंखोटं' हा करार असतो. हॉयझिंगाने १९३८ मध्ये 'होमो लुडेन्स'मध्ये खेळाभोवतीच्या ज्या वेगळ्या अवकाशाची कल्पना मांडली, तिचा उंबरठा मराठीत या द्विरुक्तीने ओलांडला जातो.

आता या चित्रतुरगाच्या जागी छायाचित्रातील घोडा ठेवून पाहू. चित्रातील घोड्यासाठी चित्रकारासमोर घोडा असण्याची गरज नाही. छायाचित्रातील घोडा मात्र भिंगासमोर कधीतरी उभा असलाच पाहिजे. रोलाँ बार्थ यांनी १९८० च्या आपल्या ग्रंथात छायाचित्राचे हेच मर्म सांगितले : 'हे होते' असे ते ठामपणे सांगते. याला आपण छायातुरग म्हणू. छायातुरगाची प्रतीती शंकुकाच्या चौकटीत बसत नाही, कारण तिच्यात यथार्थ ज्ञानाचा एक अंश चिवटपणे उरतो. येथेच अडचण निर्माण होते. खेळ 'खोटंखोटं'वर चालतो आणि छायाचित्र 'खरंच होतं' असे म्हणत राहते. एकाच पडद्यावर हे दोन करार कसे नांदतात?

३

या प्रश्नाची उत्तरे खेळ रचणाऱ्यांनी प्रत्यक्ष रचनेतून दिली आहेत. निन्टेन्डो कंपनीचा 'गेम बॉय' १९८९ मध्ये आला. त्याच्या पडद्यावर आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके होते आणि छटा केवळ चार होत्या. आपल्याकडे मात्र नव्वदच्या दशकात मध्यमवर्गीय मुलांच्या हाती पडला तो स्वस्तातला 'ब्रिक गेम', वरून पडणाऱ्या विटा रचण्याचा. लोकलच्या प्रवासात माझ्या पिढीच्या कित्येकांनी तो खेळला. त्यात कोणतेही चित्र जवळजवळ नव्हतेच; चौकोन होते आणि नियम होता. जागा कमी पडत जाते, वेग वाढत जातो आणि अखेरीस हरावेच लागते, हा तो नियम.

१९९८ मध्ये 'गेम बॉय'ला लावण्याचा कॅमेरा आला. त्याचे भिंग फिरवून स्वतःकडे वळवता येई. छायाचित्र १२८ गुणिले ११२ ठिपक्यांचे, त्याच चार करड्या छटांचे. मुलाने स्वतःचा चेहरा टिपायचा आणि तो चेंडू झेलणाऱ्या एका चिमुकल्या आकृतीच्या धडावर बसायचा. येथे छायाचित्राचा 'हे होते' हा दावा मुद्दाम दुबळा केलेला आहे. चार छटांत चेहरा ओळखू येतो, पण त्याचा पुरावा होत नाही. तो मुखवट्याच्या जवळ जातो. आपल्याकडील बोहाड्यातील सोंगांत मुखवटा घालणारा कोण आहे हे गावाला ठाऊक असते आणि तरीही देवता उभी राहते, तसाच हा प्रकार. या कॅमेऱ्यात एक विक्षिप्त योजनाही होती. यादीतील पळण्याचा पर्याय निवडला, की एक विद्रूप केलेला मानवी चेहरा समोर येई आणि 'कोणापासून पळतोस?' अशा आशयाचा प्रश्न विचारी. त्या चेहऱ्याला अनेक मुले घाबरली. हाताने काढलेल्या राक्षसाला न घाबरणारी मुले याला घाबरली, याचे कारण त्यात माणसाचा चेहरा खरोखर होता, हेच असावे. करार मोडला की भीती लौकिक होते.

२००९ मध्ये प्लेस्टेशन पोर्टेबल या यंत्रासाठी बार्सिलोनाच्या नोव्हारामा संस्थेने 'इन्व्हिझिमल्स' हा खेळ रचला. त्यात कॅमेऱ्याने घरातील टेबल दिसे आणि त्यावर ठेवलेल्या पत्त्यावर अदृश्य प्राणी प्रकट होई. पहिल्या खेळात मुलाचा चेहरा होता. येथे मुलाचे घर आले. मात्र खेळाच्या दृष्टीने महत्त्वाचा होता तो पत्ता. टेबलावरचे पुस्तक, कपाचा डाग, आईचा चष्मा हे सगळे दिसे. पण नियमाशी त्यांचा फारसा संबंध नसे.

येथे छायाचित्राचा एक मूलभूत दोष, किंवा गुण, स्पष्ट होतो. छायाचित्रात सगळेच सारखे उपस्थित असते. खेळात तसे चालत नाही. कोणत्या फळीवर उभे राहता येते, कोणते दार उघडते, कोणते केवळ शोभेचे आहे, हे खेळणाऱ्याला क्षणात कळावे लागते. लहान पडद्यासाठी चित्र काढणारे जाड रेषा आणि सपाट रंग वापरतात ते यासाठी. तपशिलांतून निवड करणे हे त्यांच्या कलेचे सार आहे, जसे ते कादंबरीकाराच्या कलेचेही आहे. छायाचित्र ही निवड करत नाही. ती नियमाला करावी लागते.

४

चेहरा आणि घर यांच्यानंतर शहराची पाळी आली. 'पोकेमॉन' या मूळ खेळाचा कर्ता सातोशी ताजिरी याचे बालपण टोकियोजवळील माचिदा येथे गेले. तेथील शेते आणि डबकी शहर वाढता वाढता नाहीशी झाली आणि कीटक पकडण्याचा त्याचा छंदही त्यांच्याबरोबर गेला. पुढच्या पिढीच्या शहरी मुलांना तो आनंद मिळावा म्हणून १९९६ मध्ये हातातल्या यंत्रावर प्राणी शोधण्याचा खेळ आला. भातशेतीची खाजणे बुजवून उभ्या राहिलेल्या आपल्या उपनगरांतील वाचकाला ही कथा परकी वाटू नये. नाहीशा झालेल्या परिसराची भरपाई म्हणून हा खेळ जन्मला.

२०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' आला तेव्हा ही भरपाई पुन्हा परिसरात उतरली. भारतात तो अधिकृतपणे त्याच वर्षीच्या डिसेंबरात, जिओच्या सहकार्याने आला. पण अनधिकृतपणे तो आधीच पोहोचला होता आणि सप्टेंबरात गुजरात उच्च न्यायालयात त्याविरुद्ध जनहित याचिकाही झाली होती. प्रार्थनास्थळांवर खेळातील 'अंडी' मिळतात, असा त्यातील एक आक्षेप होता. याचिकेची कायदेशीर बाजू बाजूला ठेवली, तर ती आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने बोलकी आहे. 'खोटंखोटं' अंडे खऱ्या देवळाच्या जागी ठेवले, की करारात सामील नसलेल्या माणसाला ते केवळ अंडे दिसते.

या खेळातील प्रत्येक थांब्याला त्या स्थळाचे एक वर्तुळाकार छायाचित्र असते. ही छायाचित्रे मुख्यतः खेळाडूंनीच पाठवली; त्यांतील बरीच नियान्टिक कंपनीच्या २०१२ मधील 'इन्ग्रेस' या आधीच्या खेळातून आली. म्हणजे हा खेळाडूंनी मिळून रचलेला सचित्र नकाशा आहे. त्यात पुतळे, देवळे, चौक, भिंतीवरची चित्रे भरपूर आहेत. परंतु थांबा कोणत्या जागेला देता येणार नाही, याचेही नियम आहेत. खासगी घर चालत नाही आणि मुलांची शाळा चालत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे नियम योग्यच आहेत. त्यांच्याविषयी तक्रार नाही. तरीही समीक्षकाने नोंद घ्यावी अशी गोष्ट ही, की घर आणि शाळा या बालपणाच्या दोन मुख्य जागा वगळून हे शहर उभे आहे. त्यातील प्रत्येक छायाचित्र खरे आहे. त्यातून उभे राहणारे शहर मात्र मुलाचे नाही. छायाचित्राच्या खरेपणाने खेळ वास्तव होत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागू नये.

आणखी एक बाब. खेळाडूंनी पुढे आपल्या कॅमेऱ्यातून थांब्यांची जी चलत् चित्रणे पाठवली, त्यांच्या साहाय्याने जगाच्या अवकाशाचे ज्ञान यंत्राला देण्याचा प्रकल्प कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. २०२५ मध्ये कंपनीचा खेळांचा व्यवसाय स्कोपली या कंपनीकडे गेला आणि नकाशाचे तंत्रज्ञान वेगळे राहिले. म्हणजे अखेरीस खेळ आणि छायाचित्र यांची फारकतच झाली. 'खोटंखोटं' म्हणून टिपलेले चित्र दुसरीकडे 'खरंच होतं' म्हणून जमा झाले. खेळाडूने एक करार केला होता. त्याचे छायाचित्र मात्र दुसऱ्याच करारात नांदत होते.

५

आता वर्गातील स्वाध्यायाकडे येतो. मोबाइलवर उतरवण्याआधी खेळ कागदावर करून पाहावा, ही या व्यवसायातील रीत आहे. नियम चालतो की नाही हे चित्राच्या मोहात न पडता कळते. विद्यार्थ्यांनी छत्तीस छायाचित्रे पुठ्ठ्यावर चिकटवून पट केला. मासुंदा तलाव, कल्याणची दुर्गाडी, काळा तलाव, डोंबिवलीचे गणेश मंदिर, फडके रोड, स्थानकांचे पूल, काही सोसायट्यांची फाटके. नियम पकडापकडीचा होता : फाशाचे दान पडेल तसे पळायचे, मागून बागुलबुवा येणार, त्याने गाठले की बाद.

परिसरातील मुले खेळायला बसली. पहिली गोष्ट ध्यानात आली ती पत्री पुलाविषयी. एका विद्यार्थ्याने घरच्या संग्रहातून जुन्या पत्री पुलाचे छायाचित्र आणले होते. तो पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला गेला आणि नवा पूल जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. मुलांच्या आठवणीत जुना पूल नव्हताच. त्यांनी निःशंकपणे ठरवले, की छत्तिसांपैकी हा एक पूल 'बनवलेला' आहे आणि म्हणून त्यावर काहीही होऊ शकते. 'हे होते' असे सर्वांत ठामपणे सांगणारे छायाचित्र मुलांनी कल्पित म्हणून वाचले आणि सर्वांत अधिक आनंदाने खेळले.

दुसरी गोष्ट याच्या नेमकी उलट. एका घरात डोंबिवली पूर्वेतील एका सोसायटीचे फाटक होते आणि योगायोगाने खेळणाऱ्या दहा वर्षांच्या एका मुलीची ती सोसायटी होती. बागुलबुवा त्या घरात येऊ लागताच तिने पटावर हात ठेवला आणि म्हणाली, "इथे नाही यायचं त्यानं. इथे माझी आजी बसते." इतरांनी तिला समजावले, की हे खोटंखोटं आहे. तिचे उत्तर होते, "फोटो खरा आहे ना?"

मी शिक्षक म्हणून तेथे बसलो होतो आणि मला उत्तर सुचले नाही. भट्टनायकाने मांडलेले आणि अभिनवगुप्ताने विस्तारलेले साधारणीकरण मी वर्षानुवर्षे शिकवत आलो आहे. शाकुंतलातील भ्यालेल्या हरणाचे उदाहरण देऊन सांगत आलो आहे, की देश आणि काळ यांची विशिष्टता गळून पडते तेव्हाच भय हे आस्वाद्य होते; नाहीतर ते कोणाचे तरी, कोठले तरी, लौकिक भय राहते. छायाचित्र नेमकी हीच विशिष्टता गळू देत नाही. त्या मुलीसमोर 'एक फाटक' नव्हते. आजीचे फाटक होते. शब्दांत हे घडले नसते. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा आहे, त्याचे पुणे नावागावासकट खरे आहे. तरी फुरसुंगी कधीही न पाहिलेला डोंबिवलीतला मुलगा त्याच्या सायकलीमागे सुखाने धावतो. नावाला स्थळ असते, पण त्या स्थळाची जागा वाचक भरतो. छायाचित्र ती जागा आधीच भरून ठेवते.

परंतु गोष्ट येथे संपली नाही. थोडा वेळ डाव थांबला. मग त्याच मुलीने तोड काढली : ते घर 'भोज्जा' करायचे. तेथे पोहोचलेल्याला बागुलबुवा पकडू शकणार नाही. मात्र एका वेळी एकालाच तेथे थांबता येईल आणि दुसरा आला की पहिल्याने निघायचे. हा नियम सर्वांनी मान्य केला आणि खेळ एकदम रंगला. आधीच्या तासाभरात जे घडले नव्हते ते आता घडले : मुले एकमेकांसाठी जागा सोडू लागली, कोणी मुद्दाम अडून बसू लागले, भांडणे झाली, तडजोडी झाल्या. फाटकापाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला आसरा देणारी आजी त्या नियमात होती. छायाचित्रात ती नव्हतीच.

६

यावरून जे सांगायचे ते असे. खेळातील वास्तव हे चित्राच्या साम्यात नसून नियमाच्या साम्यात असते. डोंबिवली स्थानकाचे अत्यंत स्पष्ट छायाचित्र आहे, पण त्यावरून खेळाडू एकटा आरामात चालत जातो, असा खेळ असेल तर तो खोटा आहे. एकदाचे 'खोटं' या अर्थाने. उलट ज्या ब्रिक गेममध्ये केवळ चौकोन होते, त्यात जागा कमी पडत जाण्याचा आणि वेग वाढत जाण्याचा जो नियम होता, तो सकाळच्या लोकलमध्ये उभे राहून खेळणाऱ्याला आपल्याच प्रवासासारखा वाटला असेल, तर नवल नाही. परंपरेने ज्ञानदेवांशी जोडल्या जाणाऱ्या मोक्षपटातही वास्तव आहे ते घराच्या चित्रात नव्हे. कोणत्या दुर्गुणाच्या सापाने किती खाली यावे आणि कोणत्या गुणाच्या शिडीने किती वर जावे, या कार्यकारणात ते आहे.

मग छायाचित्र निरुपयोगी आहे काय? तसे म्हणणे घाईचे होईल. फोटो नसता तर त्या मुलीने पटावर हात ठेवला नसता आणि भोज्जाचा नियमही जन्मला नसता. साधारणीकरणाला छायाचित्राने केलेला विरोध हाच येथे फलदायी ठरला. चित्रतुरग प्रेक्षकाला मुक्त करतो. छायातुरग त्याला कोणाच्या तरी बाजूने उभे राहायला लावतो. या बांधिलकीला रचनेत स्थान देणारा नियम असेल तरच छायाचित्राचा खेळ उभा राहतो. तो नसेल, तर छायाचित्र एक तर शोभेचे राहते किंवा, पळण्याच्या पर्यायामागच्या त्या विद्रूप चेहऱ्याप्रमाणे, खेळाबाहेर उडी मारते.

यावर एक आक्षेप संभवतो. हे निष्कर्ष पुठ्ठ्याच्या पटावरून काढले आहेत. पडद्यावरील खेळात नियम यंत्राच्या आत बंद असतो आणि मूल तो असा बदलू शकत नाही. आक्षेप रास्त आहे आणि तोच माझ्या मते रचनाकारांपुढचा खरा प्रश्न आहे. गल्लीतल्या खेळात टाइमप्लीज म्हणता येते, कच्चा लिंबू ठरवता येतो. आजारी भावासाठी नियम सैल करता येतो. पडद्याने मुलाकडून हा अधिकार काढून घेतला आणि त्याच्या मोबदल्यात त्याला त्याच्याच गल्लीचे छायाचित्र दिले, तर तो सौदा तोट्याचा आहे. मुलाला छायाचित्र घालता यावे, एवढ्याने भागणार नाही. त्या छायाचित्रासाठी नियम घालता आला पाहिजे.

हाच निकष आपल्या वास्तववादी वाङ्मयालाही लागू करून पाहण्याजोगा आहे. बोलीतील संवाद, रस्त्यांची नावे, पदार्थ, पोशाख यांचा काटेकोर तपशील पाहून एखाद्या कादंबरीला आपण 'अस्सल' म्हणतो. तेव्हा आपण छायाचित्रालाच गुण देत असतो. त्या जगात कोणाला कोठे जाता येते, कोणाला कोठे थांबता येत नाही, कोणती चूक कोणाला महाग पडते, हे नियम कादंबरीने पकडले आहेत की नाहीत, हा प्रश्न बहुधा न विचारताच राहतो. नेमाडे यांच्या 'देशीयते'च्या चर्चेतही अनेकदा असेच घडले. मुद्दा जगण्याच्या अंतर्गत व्यवस्थेचा होता आणि वाद पेहरावावर झाला. माझ्या विद्यार्थ्यांच्या पटावर छत्तीस अस्सल छायाचित्रे होती आणि तरी दहा वर्षांच्या मुलीने नियम बदलेपर्यंत त्यावर डोंबिवली नव्हती.

स्वाध्यायाचे गुण देताना मी तो पट पुन्हा मांडून पाहिला. फाटकाच्या घरावर मुलांनी पेन्सिलीने एक वर्तुळ काढून ठेवले होते. विद्यार्थ्यांनी विचारले, ते खोडायचे का? मी ते राहू द्या म्हणालो.